सासूबाईंची डावी लेन

माझे सासरे महामार्गाला लागले की मधल्या लेनमध्ये शिरायचे आणि मुक्काम येईपर्यंत तिथून हलायचे नाहीत. वेग ताशी साठ. डावीकडची लेन रिकामी असो, मागे हॉर्नचा गदारोळ उठो, ते आपले शांत. "डावीकडे ट्रक, उजवीकडे माथेफिरू. शहाण्या माणसानं मधून जावं," हे त्यांचं म्हणणं. वैतागलेल्या गाड्या दोन्ही बाजूंनी सुसाट निघून जायच्या आणि त्यांतल्या लोकांच्या नजरा आम्हाला झेलाव्या लागायच्या.

त्यात मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. "डावीकडून चालायचं, कुणाला ओलांडायचं असेल तर उजवीकडे जायचं, ओलांडलं की परत डावीकडे," हे मी दिवसातून वीस वेळा बोलते. घरच्या गाडीत एकदाच बोलले. सासरे आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "सूनबाई, तू शिकाऊंना शिकव. मी चाळीस वर्षं गाडी चालवतोय."

सासूबाई त्यांच्या शेजारच्या सीटवर स्वेटर विणत होत्या. दुसऱ्या दिवशी मी भांडी लावत असताना त्या हळूच स्वयंपाकघरात आल्या.

"मला शिकवशील?"

"काय?"

"गाडी. पण यांना पत्ता लागता कामा नये."

त्यानंतर चार महिने सासूबाई आठवड्यातून तीनदा 'योगासनांच्या वर्गाला' जात होत्या. पहिल्या दिवशी क्लचवर त्यांचा पाय इतका लटपटला की गाडी बेडकासारखी तीन उड्या मारून बंद पडली. पण बाई हट्टाच्या पक्क्या.

घरी मात्र एकदा पंचाईत झाली. सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "इतके दिवस जातेस, एखादं आसन करून दाखव की."

सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या, दोन्ही हात पुढे गोल धरले, मान आधी उजवीकडे वळवली, मग डावीकडे.

"हे कुठलं?"

"चक्रासन."

"त्यात पाठीची कमान करतात ना?"

"हा बसून करायचा प्रकार आहे."

मी खोकल्याचं निमित्त करून बाल्कनीत पळाले.

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी सासूबाई पहिल्याच फटक्यात परीक्षा पास झाल्या. परवाना हातात आला तेव्हा गाडीतच माझ्या गळ्यात पडून रडल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता संधी पाहिजे."

संधी आली ती नणंदेचं नवं घर बघायला आम्ही तिघं निघालो तेव्हा. तीन तासांचा रस्ता. सासरे मधल्या लेनमध्ये ठाण मांडून. अर्ध्या वाटेत चहाला थांबलो. चष्मा टेबलावर काढून सासरे तोंड धुवायला गेले आणि परत येऊन बघतात तर चष्मा गायब. आम्ही बशा उचलून पाहिल्या, वेटरनं खुर्च्या हलवल्या, सासूबाई तर चक्क टेबलाखाली वाकून शोधत होत्या.

"जाऊ दे," सासरे कुरकुरत म्हणाले. "सूनबाई, घे किल्ली."

मी किल्ली घेत असताना सासूबाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी ती सरळ त्यांच्या हातात ठेवली.

"अगं, हिला काय देतेस?"

सासूबाईंनी पर्समधून परवाना काढून पुढे केला. सासऱ्यांनी तो नाकाला टेकवून वाचला. "फोटो तुझाच दिसतोय."

"मग काय शेजारणीचा असेल? बसा मागे. पट्टा लावा."

मी पुढे त्यांच्या शेजारी बसले. सासूबाई डावीकडच्या लेनला लागल्या. पुढे सिमेंटचा टँकर आला. आरसा, इंडिकेटर, खांद्यावरून एक नजर, मधल्या लेनमध्ये, टँकर मागे पडला, पुन्हा इंडिकेटर, पुन्हा डावीकडे. मागे दाराचं हँडल धरून बसलेल्या सासऱ्यांचे श्वास तेवढे ऐकू येत होते.

थोड्या वेळानं पुढे एक राखाडी गाडी दिसली. मधल्या लेनमध्ये, रमतगमत. डावी लेन लांबपर्यंत मोकळी. सासूबाईंना तिच्यासाठी पार उजव्या लेनपर्यंत जावं लागलं. ओलांडून परत डावीकडे येईपर्यंत सासऱ्यांचा संयम सुटला.

"काय माणूस आहे! रस्ता काय याच्या एकट्याचा आहे? एवढी मोकळी लेन पडलीय, सरकायला काय होतं? आंधळा आहे का?"

मी खिडकीबाहेर बघू लागले. सासूबाईंची नजर रस्त्यावर होती, पण खांदे गदगदा हलत होते.

"हसा," मागून बारीक आवाज आला. "हसून घ्या." मग त्यांचं त्यांनाच हसू फुटलं, आणि तिघंही इतके हसलो की सासूबाई ओरडल्या, "पुरे! गाडी चालवतेय मी!"

नणंदेच्या दारात पोचल्यावर सासूबाईंनी पर्स उघडली. "अय्या! हा तर इथेच होता!"

सासऱ्यांनी चष्मा चढवला, बायकोकडे पाहिलं आणि गाडीभोवती एक फेरी मारली. कुठे ओरखडा सापडला नाही. जरा हिरमुसलेच.

सोमवारी सकाळी मी कामावर गेले तर बाकावर कॉलेजच्या दोन मुलींच्या मधे सासरे, हातात भरलेला फॉर्म. "नुसती उजळणी," ते घाईनं म्हणाले. "आणि तू नको शिकवू. तू हसशील."

मी त्यांना आमच्या सर्वांत कडक बाईंकडे सोपवलं. त्या चूक झाली की गाडी कडेला घ्यायला लावतात. संध्याकाळी सासरे घामाघूम होऊन घरी आले आणि दोन ग्लास पाणी एका दमात प्यायले.

"कसं झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"अकरा वेळा कडेला घ्यायला लावली," ते म्हणाले. "जरा सरक, बसू दे. आणि गाडीच्या आरशात कसं बघायचं ते मला दाखव."