येथे धार काढून मिळेल

धारकाकांच्या दुकानावर एकच पाटी होती आणि त्या पाटीवरून त्यांच्या संसारात एकच भांडण होतं. बाकीची भांडणं प्रासंगिक होती, हे कायमस्वरूपी होतं. पाटीवर लिहिलं होतं, 'येथे कसलीही धार काढून मिळेल. घरी येऊनही.' खाली फोन नंबर होता आणि शेजारी एक कात्री रंगवलेली होती, पण तिच्यावर गंज चढून ती कधीच अंतर्धान पावली होती. धार लावणाऱ्याच्या पाटीवरची कात्री गंजावी, यावर गिऱ्हाइकांनी करायचे ते सगळे विनोद करून झाले होते.

काकू शाळेत भाषा शिकवून निवृत्त झाल्या होत्या, म्हणजे नोकरीतून. भाषेतून नव्हे.

"धार लावतात," त्या म्हणत. "काढतात ती गाईची."

"धार लोखंडात असतेच," धारकाका म्हणत. "मी बाहेरून आणून डकवत नाही. आत आहे ती बाहेर काढतो. म्हणून काढतात."

"म्हणजे सोनाराकडे जाऊन दागिनाही काढून आणायचा का? तोही सोन्यात असतोच."

यावर धारकाका चहा मागत. हरलेल्या माणसाला चहा मागण्याइतकी सन्माननीय माघार दुसरी नाही.

त्या दिवशी दुपारी दुकानातला फोन वाजला, हीच एक बातमी होती. हल्ली लोक सुरी बोथट झाली की नवी सुरी घेतात. धारकाकांचं सहाणेचं चाक दिवसचे दिवस गप्प असे आणि ते स्वतः त्याच्याशेजारी बसून शब्दकोडी सोडवत.

"ती पाटी तुमचीच ना?" पलीकडून बाईंचा आवाज आला. "दवाखान्यासमोरची? कसलीही धार काढून मिळेल, असं लिहिलंय. खरं का?"

"कसलीही," धारकाका ताठ बसून म्हणाले.

"घरी येऊन?"

"घरी येऊन."

"देवासारखे भेटलात! तीन आहेत. पण दोन्ही वेळा काढावी लागते हं, सकाळ-संध्याकाळ."

धारकाकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. चांगली बातमी त्यांना नेहमी उजव्या कानानं ऐकायची असे. "दोन्ही वेळा? एवढा वापर आहे?"

"वापर म्हणजे? अख्खी गल्ली आमच्या जिवावर आहे."

खानावळ असणार, धारकाकांनी ताडलं. मोठी खानावळ. "मोठ्या आहेत का?"

"दोन मोठ्या, एक लहान. लहान आहे ती जरा तिखट आहे, हात लावताना सांभाळून. आणि एक तिसऱ्या वेताची आहे."

"वेताची असली तरी हरकत नाही," धारकाका उदारपणे म्हणाले. मूठ लाकडाची असो, वेताची असो, त्यांचा संबंध पात्याशी. "आजच यायचं का?"

"आजच! सकाळची शेजारणीनं कशीबशी काढली, तीही अर्धीमुर्धी. संध्याकाळची राहिली तर फार त्रास होईल हो त्यांना."

'त्यांना' म्हणजे जेवायला येणाऱ्यांना, हे उघड होतं. धारकाकांनी पत्ता घेतला. सायकलीच्या कॅरिअरवर सहाणेचं चाक चढवलं आणि काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घरी जाऊन धार *काढून* येतो."

पत्ता शहराच्या टोकाला निघाला. मोटारींच्या गॅरेजमागे लाकडाची वखार, वखारीमागे एक लांबट पत्र्याची शेड. खानावळीचा वास येत नव्हता. जो येत होता तो धारकाकांना ओळखीचा नव्हता. दारात एक चाळिशीच्या बाई उभ्या होत्या. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये आणि चेहऱ्यावर सुटकेचा आनंद.

"आलात! या दादा, या. आणि हे काय आणलंत?"

"यंत्र आहे."

"सायकलीवरचं?" बाई चाकाकडे वाकून बघू लागल्या. "आणि हे चालतं गाईंना?"

"गाईंना?" धारकाका म्हणाले.

शेडच्या अर्ध्या अंधारातून तीन तोंडं त्यांच्याकडे बघत होती. तिन्ही तोंडं रवंथ करत होती. मोठ्या साहेबासमोर अर्ज घेऊन उभं राहिल्यावर साहेब जसा पान न थांबवता चघळत बघतो, तशी.

दोघांच्याही डोक्यात प्रकाश एकाच वेळी पडला. आधी बाई हसल्या. हसता हसता उलट्या बादलीवर बसल्या, प्लास्टरच्या हातानं डोळे पुसायला गेल्या आणि नाकावर आपटून घेतलं. मग त्यांचं हसू ओसरलं.

"हसतेय काय मी," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी दीर येतायत, टेम्पो घेऊन. धार काढणारा गडी नोकरी सोडून गेला आणि आठवड्यात मी घसरून हात मोडून घेतला. भावजी म्हणाले, वहिनी, गाई माझ्याकडे द्या, माझ्याकडे यंत्रं आहेत. मी म्हटलं, संध्याकाळी माणूस बसलेला आणि बादली भरलेली दिसली तर गाई इथंच राहतील. नाही दिसली तर घाला टेम्पोत." त्यांनी शेडकडे पाहिलं. "जा तुम्ही दादा. चूक कुणाचीच नाही."

धारकाका सायकल वळवायला लागले. तेवढ्यात बाई स्वतःशीच पुटपुटल्या, "पण पाटीवर 'कसलीही' लिहिलं होतं."

सायकल थांबली. रंगाऱ्यानं तेव्हा विचारलंच होतं, 'कसलीही' कशाला, उगाच जागा जाते. आणि धारकाकांनीच छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, तोच शब्द महत्त्वाचा आहे.

"मला दाखवा," ते म्हणाले. "कुठून निघते?"

तर इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. धारकाका दिवसाला आठ कप चहा पीत, पण दूध कुठून येतं याचा विचार त्यांनी पिशवीच्या पलीकडे कधी नेला नव्हता. गाय दूध देते हे त्यांना माहीत होतं, पण मेंढीला जशी लोकर असते तसं गाईला दूध असतं, वर्षभर, आपलं आपण, अशी त्यांची समजूत होती.

"असं कसं?" बाई बादली धुता धुता म्हणाल्या. "आधी वासरू व्हायला लागतं. आई झाल्याशिवाय कोण दूध देईल? ही आत्याबाई, हिची तीन बाळंतपणं झाली. तिसऱ्या वेताची म्हटलं ना."

"वेत म्हणजे ते होय," धारकाका म्हणाले. वेताची मूठ त्यांनी मनातल्या मनात गुपचूप पुरून टाकली.

मधल्या गाईला 'सरकार' म्हणत, कारण ती कशालाच उत्तर देत नसे. लहान तिखट होती ती 'आगाऊ'. आत्याबाई सगळ्यांत शांत म्हणून सुरुवात तिच्यापासून करायची ठरली. बसण्यापूर्वी धारकाकांनी सभ्यपणे तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते चपापले.

"ताई, हिचे वरचे पुढचे दात पडलेत!"

"पडले नाहीत. नसतातच."

"कुणालाच?"

"कुठल्याच गाईला नसतात. खाली दात, वर नुसती हिरडी."

"मग गवत कापते कशानं?"

"जिभेनं वेटोळं घालून ओढते, तोडते."

धारकाकांना हा व्यक्तिगत अपमान वाटला. आयुष्यभर ते सांगत आले होते की धारेशिवाय जग चालत नाही, आणि इथे एवढं मोठं धूड बिनधारेचं जेवून तृप्त उभं होतं.

कोमट पाण्यानं आचळ धुऊन ते स्टुलावर बसले. दोन्ही हातांनी धरलं. ओढलं. काही झालं नाही. आणखी ओढलं. आत्याबाईनं मान वळवून पाहिलं.

"ओढताय काय? देवळातली घंटा आहे का ती?" बाई ओरडल्या. "अंगठा आणि पहिलं बोट वर आवळा. दूध खाली कोंडा. आता बाकीची बोटं एकेक करून मिटा. वरून खाली. हां."

तीन थेंब आले. दोन बाहीत गेले.

पुन्हा. एक थेंब. धारकाकांच्या कपाळावरून मात्र सलग धार लागली.

"तुमचा हात बरा आहे," बाई हताश होऊन म्हणाल्या. "हीच पान्हा चोरतेय."

"चोरतेय? स्वतःचंच?"

"वर ओढून धरते. सोडत नाही. अनोळखी माणूस, त्यात सकाळपासून धड खाणं नाही. चारा बारीक कापून घातला की खूश असतात. पण कुट्टीच्या यंत्राची पाती गेलीत बोथट, चारा नुसता चेंगरतो, आणि एका हातानं मला ते चाक ओढत नाही. लांबच्या लांब टाकला तो बघा, तुडवून ठेवलाय."

"पाती बोथट?" धारकाका स्टुलावरून उठले. परक्या मुलखात दिवसभर खाणाखुणांवर काढलेल्या माणसाला कुणीतरी आपल्या भाषेत हाक मारावी, तसा त्यांचा चेहरा झाला. "कुठंय यंत्र?"

यंत्र शेडच्या मागे होतं. माणसाच्या उंचीचं लोखंडी चाक, त्याच्या आऱ्यांना दोन वाकडी पाती. धारकाकांनी पात्यावरून अंगठा आडवा फिरवला आणि डॉक्टर करतात तसा 'च्च' असा आवाज केला. नट सोडवले. सायकल स्टँडवर चढवली, पट्टा ओढला आणि पायडल मारायला सुरुवात केली. सहाण गाऊ लागली. ठिणग्यांचा पिसारा उडाला. वखारीतला सुतार कामातून डोकं वर काढून बघत राहिला. बाई पात्यावर पाणी ओतत होत्या, डाव्या हातानं, निम्मं धारकाकांच्या बुटांवर.

पाती परत बसली. बाईंनी चारा पुढे सरकवला, धारकाकांनी चाक फिरवलं. *खर्र-खच्. खर्र-खच्.* चारा सुपारीच्या कातरणासारखा भुरभुरत खाली पडू लागला.

शेडमध्ये तीन माना एकदम वळल्या. सहा कान उभे राहिले. सरकारनंसुद्धा हंबरून उत्तर दिलं.

"दादा!" बाई किंचाळल्या. "सोडा ते! आत या! आली!"

आत्याबाईच्या कासेतून आपोआप थेंब ठिबकत होते. कुणी हात लावला नव्हता. जेवणाच्या ताटांचा आवाज ऐकून माणसाच्या तोंडाला सुटावं, तसं तिला दूध सुटलं होतं.

"पान्हावली! बसा, बसा पटकन!"

धारकाका बसले. अंगठा, पहिलं बोट, मग एकेक. *चुर्र.* पहिली धार रिकाम्या बादलीच्या तळावर आपटली आणि पत्रा ठणकन वाजला. दुसरी. तिसरी. हळूहळू ठणठणाट बसत गेला, त्याचा सरसर असा जाड आवाज झाला आणि वर फेस चढू लागला. दूध गरम होतं. धारकाकांच्या लेखी दूध ही जन्मतःच थंडगार वस्तू होती. त्यांनी बादलीला हात लावून पाहिला, काढला, पुन्हा लावला.

"आतच होतं," ते म्हणाले.

"मग कुठं असणार?"

"नाही, आमच्या घरी यावरून वाद आहे."

सरकारनं फाइल पुढे सरकवावी तितक्याच संथपणे दूध दिलं. आगाऊनं मात्र आधी धारकाकांच्या नडगीवर लाथ मारून आपला आक्षेप नोंदवला. दुभत्या गाईच्या लाथा गोड, असं धारकाका आयुष्यभर लोकांना ऐकवत आले होते. ती म्हण पहिल्यांदा कुणी म्हटली तो माणूस बाजूला उभा असणार, याबद्दल त्यांची आता खात्री पटली.

टेम्पो आला तेव्हा ते तिच्या पोटाला डोकं टेकवून शेवटच्या धारा काढत होते. दीर उतरले. गोलमटोल, हसतमुख, हातात किल्ल्या फिरवत.

"वहिनी, आणला हं टेम्पो. आतमध्ये पेंढा अंथरलाय, मऊ. माझ्याकडे पंखे आहेत, गाणी लावतो मी त्यांना..." आणि बादली पाहून ते थांबले. मग दुसरी बादली पाहिली. "हे कोण?"

"धारवाले," बाई म्हणाल्या. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"चांगला आहे की हात! कुठं शिकलात?"

"घरचाच धंदा," धारकाका म्हणाले. हेही खरंच होतं. "बरीच वर्षं."

दिरांनी बादलीत वाकून पाहिलं, किल्ल्या खिशात टाकल्या. "राहू दे मग, वहिनी. शब्द म्हणजे शब्द." त्यांना फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. "पेंढा मात्र उतरवून घ्या, परत कुठं नेऊ?" मग जमिनीवरचा चारा त्यांनी चिमटीत उचलला. "इतका बारीक? पाती कुठून आणलीत?"

"पाती तीच आहेत," धारकाका नडगी चोळत म्हणाले. "धार काढलीय."

"माझ्याकडची चार येऊन बघाल?"

"पाती का गाई?"

"पाती हो! गाईंना यंत्र आहे."

"बघू," धारकाका म्हणाले. मागणी असलेल्या माणसानं 'बघू' म्हणायचं असतं, हे ते विसरले नव्हते. फक्त म्हणायची वेळ बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

घरी पोचले तेव्हा अंगाला गोठ्याचा वास, बाहीवर दूध, बुटात पाणी आणि हातात किटली. काकूंनी आपादमस्तक पाहिलं, किटलीचं झाकण उघडलं आणि काय घडलं असावं हे त्यांना एका शब्दात कळलं. तो शब्द त्यांनी उच्चारला.

"*काढलीत?*"

"काढली."

काकू खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. इतकी वर्षं वाट पाहून मिळालेला विजय होता, घाईघाईत उरकण्यासारखा नव्हता. धारकाकांनी तो त्यांना पूर्ण घेऊ दिला. मग त्याच दुधाचा चहा झाला. दोघांनी तो संपवला आणि लगेच दुसरा केला.

"ताईंचा हात बरा होईपर्यंत मीच जाणार आहे," धारकाका म्हणाले. "दोन्ही वेळा. आणि तुला म्हणून सांगतो, गाईला वरचे पुढचे दात नसतात."

"काहीतरीच."

"मी पाहिलंय."

काकूंनी कप खाली ठेवला. नोकरीतल्या सगळ्या वर्षांत त्यांनी 'गाय' या विषयावरचे ढीगभर निबंध तपासले होते. चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट, लाल पेन. "एकाही पोरानं लिहिलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मीही एकीच्याही तोंडात पाहिलं नाही."

पहाटे धारकाका सायकल काढायला गेले तर काकू चष्मा लावून, चप्पल घालून दारात तयार होत्या. दुकानासमोर त्यांनी सायकल थांबवायला लावली, पर्समधून खडू काढला, आणि पाटीवरच्या 'काढून'च्या आधी, दोन शब्दांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'लावून व'.

"शेवटी खोडलं नाहीस," धारकाका म्हणाले.

"चुकीचं असतं तर खोडलं असतं," काकू म्हणाल्या आणि कॅरिअरवर बसल्या. "चला लवकर. मला तिचं तोंड उघडून बघायचंय."

"आगाऊचं नको हं," धारकाकांनी पायडल मारता मारता बजावलं. "आत्याबाईंचं बघ. त्या तुझ्यासारख्याच आहेत."

"म्हणजे कशा?"

पुढे चढ होता. धारकाकांनी दम लागल्याचं निमित्त केलं.