पिरीचे मेसेजेस

स्कॉटलंडमधल्या आमच्या पिटकर्ली गावात एखादी बाई ‘मेसेजेस आणायला चालले’ म्हणाली, की ती दूध, बटाटे आणि पाव आणायला निघाली असं समजायचं. एक मेसेज म्हणजे निरोप. एकाचे अनेक झाले की किराणा. हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. मला नीट कळायला त्र्याऐंशी वर्षं लागली, तीही कचऱ्यात उभं राहून.

मिस गोवन्स मे महिन्यात वारल्या. एके काळी आमच्या गल्लीत फोन फक्त त्यांच्याकडे होता. कुणाचा निरोप आला की त्या कार्बन कागद घालून वहीत लिहीत. वरची चिठ्ठी ज्याची त्याला पोचती करत, खालची प्रत वहीत राही. गावाच्या आठवणी जमवणारं आमचं पाच जणांचं मंडळ आहे, त्याचा मी चिटणीस. मंडळासाठी त्या वह्या हव्यात, असं मी सगळ्यांना सांगितलं.

खरं तर मला एकच पान हवं होतं. १९६८च्या ऑक्टोबरात मी गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो, तिथूनच फोन करून मी रोना टुलोकला शनिवारच्या नाचाला बोलावलं होतं. ती मिस गोवन्सच्या वरच्या मजल्यावर राही. ती आली नाही. निरोप पोचलाच नव्हता, की पोचूनही ती आली नव्हती, एवढंच मरण्याआधी कळावं असं वाटे. तिला विचारता आलं असतं. दर मंगळवारी ती मंडळात माझ्यासमोरच बसते. पण तेवढं धैर्य असतं, तर मी तेव्हाच जिना चढलो नसतो का?

घर रिकामं करायचं काम सेंगा रेनीकडे होतं. ती व्हॅनला टेकून चहा पीत होती. ती लहान असताना वाचनालयात मी तिला बरेचदा गप्प बसवलं होतं.

“बोला पिरीसाहेब. पण हळू हं. शूऽऽ!”

“त्या वह्या... म्हणजे असल्या तर...”

“‘मेसेजेस’ लिहिलेल्या? अहो, किराण्याच्या याद्या त्या! टाकल्या की.” तिने रस्त्यावरच्या कचऱ्याच्या लोखंडी हौदाकडे बोट केलं. “जुने बटाटे कोण वाचणार?”

“मी,” मी म्हणालो.

“मग शिरा आत. गुडघे स्वतःचेच ना?”

“फक्त डावा.”

तिने मला मागून ढकललं. गादी, फुटकी इस्त्रीची फळी, मग वह्या. अडुसष्टची सापडली आणि तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला.

“आर्ची पिरी! तुलाही टाकून दिलं की काय?”

पिशवी घेऊन रोना उभी होती. मी वही मिटायला गेलो, पण सेंगाने ती ओढून घेतली आणि मोठ्याने वाचली: “‘रोना टुलोक, वरचा मजला. पिरी, मेसेजेस. शनिवार सहा, वाचनालयाची पायरी. दोन.’”

“हां, त्या ब्रायडी!” रोना म्हणाली. “आणल्या होत्या मी. तुझ्या खिम्याच्या दोन ब्रायडी.”

“ब्रायडी?” खिमा भरलेली ती भाजकी करंजी मी कधी मागवलीच नव्हती.

“दोन काय, ते लिहिलंच नव्हतं. पण शनिवारी माणूस दोन आणखी काय मागवणार? दुकान साडेपाचला बंद व्हायचं, म्हणून सहाची वाट न बघता पायरीवर ठेवून गेले. मेल्या, साधं थँक्यू नाही! मला वाटलं, हा शिकलेला माणूस मला मोलकरीण समजतो.”

मला पायरीवरची ती कागदी पिशवी आठवली. सहापासून नऊपर्यंत मी तिच्याशेजारीच बसलो होतो. मग ती हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात ठेवून तशी नोंदही केली होती. बुधवारी वास सुटला.

“दोन तिकिटं होती,” मी म्हणालो. “नाचाची. पहिल्यांदा धीर सुटला, निम्म्यात फोन ठेवला. मग पुन्हा केला, तेव्हा ‘दोन आहेत’ एवढंच तोंडातून निघालं.”

“दोन फोन, म्हणून ‘मेसेजेस’!” सेंगा हसून हसून व्हॅनवर आपटली. “साहेब, एकदाच बोलला असता तर...”

रोना हसली नाही. तिने पिशवी खाली ठेवली.

“शनिवारी...” मी म्हणालो. “हॉलमध्ये अजून... नाच...”

“मोठ्याने!” सेंगा ओरडली. “हे वाचनालय नाही!”

मग मी ओरडलो. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या.

“येईन,” रोना म्हणाली. “पण या वेळी ब्रायडी तू आणायच्या. आणि आधी त्या हौदातून बाहेर ये.”