सगळ्यांना चालेल असा

मित्रांनो, जरा बेतानं उघडा. माझी उजवी बिजागरी निखळली आहे आणि झाकणाला मागे टेकू दिला नाही तर ते धाडकन पडतं. मी एक जुना लॅपटॉप आहे. चिखलोलीच्या एका नव्या सोसायटीत, चिंतामणीसाहेब आणि उमाताई यांच्या घरी राहतो. थकलोय हो आता. चालू व्हायला मला इतका वेळ लागतो की उमाताई बटण दाबून चहा ठेवायला जातात, गाळून परत येतात, तरी मी आपला पडद्यावर गोल फिरवत बसलेलो असतो.

माझे भाग कुठेकुठे बनले, कोणी जोडले, ते मला धड आठवत नाही. आठवतं ते दुकान, जिथे मला पसंत केलं गेलं. साहेब अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी. त्यांच्या घरात वस्तू घ्यायची एक रीत आहे. मिक्सर असो, कपाट असो, “एकदाच घ्यायचं, पण सगळ्यांना चालेल असं घ्यायचं.” मलाही तसंच घेतलं. सोहम तेव्हा शाळेत होता, त्याला गेमसाठी ग्राफिक्स कार्ड हवं होतं. साहेबांना मोठा पडदा, आकड्यांची वेगळी बटणं आणि सीडीचा कप्पा हवा होता. उमाताई मागे उभ्या होत्या. त्यांनी मला एका कोपऱ्याला धरून उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, “जड आहे हो जरा.”

“मजबूत आहे अगं,” साहेब म्हणाले. झालं, विषय संपला.

मला तेव्हा कोण अभिमान वाटला! माझ्यात सगळं होतं ना! पण मित्रांनो, आमच्या जातीचं एक दुखणं आहे, ते दुकानात लावलेल्या पाटीवर नसतं. ताकदवान कार्ड बसवलं की ते तापतं. तापलं की पंखा बोंबलतो. पंखा आणि कार्ड मिळून बॅटरी गिळून टाकतात. मोठा पडदा डोळ्यांना बरा, पण खांद्याला वाईट. एक हवं तर दुसरं सोडावं लागतं. माझ्या बाबतीत कोणी काहीच सोडलं नाही, आणि ते सगळं ओझं माझ्या पोटात आलं.

सुरुवातीची वर्षं लाडाची होती. दसऱ्याला मला झेंडूचं फूल, कुंकवाचं बोट. सोहमचे मित्र यायचे आणि “काय भारी मशीन आहे रे!” म्हणायचे. मग सोहम कॉलेजात गेला, त्याचे नवे गेम मला झेपेनात. साहेबांना ऑफिसचा लॅपटॉप मिळाला. माझ्या बटणांत चिवड्याचा चुरा, पंख्यात धुळीचा गोळा, आणि बॅटरी अशी मेली की वायर काढली की मी डोळे मिटतो. कोणाला नको झालेली वस्तू या घरात उमाताईंकडे जाते. तसा मी गेलो.

त्यांनी मला ओल्या फडक्यानं नाही, कोरड्या मऊ कापडानं पुसलं. या एका गोष्टीसाठी मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. आणि मग त्यांनी माझ्यावर एक नवं काम सुरू केलं. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मुलांना त्या ऑनलाइन मराठी शिकवायला लागल्या. तिथे संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे दुपार. पडद्यावर छोटी छोटी तोंडं दिसायची, उमाताई ‘ळ’ म्हणून दाखवायच्या आणि मुलं जीभ वळवून वळवून हैराण व्हायची. पन्नाशीला टेकलेली ही बाई त्या तासाभरात अशी खुलायची की बघत राहावं. आणि मी? मी घरघरायचो. एकदा सम्यक नावाच्या पोरानं विचारलं, “टीचर, तुमच्या घरी विमान आहे का?” सगळी मुलं हसली. उमाताईही हसल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरा घोर शुक्रवारचा. आमच्याकडे शुक्रवारी बऱ्याचदा दुरुस्तीसाठी लाइट काढतात, आणि मुलांचा मोठा तास नेमका शुक्रवारी. लाइट गेली की मी मेलो. म्हणून उमाताई मला पिशवीत घालून रिक्षानं शिरगावला त्यांच्या ओळखीच्या कुंदावहिनींकडे न्यायच्या. तिथे इन्व्हर्टर आहे. माझं वजन, चार्जरची वीट, वर पाण्याची बाटली. जिना चढताना त्या मधेच थांबून खांदा दाबायच्या. मला वाटायचं, अरे, मी हिला मदत करतोय की हिच्या मानगुटीवर बसलोय?

अशाच एका शुक्रवारी कुंदावहिनी गावाला गेलेल्या. ऐन तासात लाइट गेली आणि मी गप्प. उमाताईंनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, माझ्यावर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. थोड्या वेळानं ऑनलाइन क्लास चालवणाऱ्या बाईंचा फोन आला. “उमाताई, मुलांना तुम्हीच हव्यात हो. पण पुन्हा असं झालं तर बॅच दुसऱ्या टीचरना द्यावी लागेल. पालक ऐकत नाहीत.”

साहेबांना शुक्रवारची सुट्टी असते. त्यांनी ते ऐकलं. वाईट माणूस नाहीत ते. लगेच उठले आणि म्हणाले, “चल, आजच नवीन घेऊ. सोहम, तूही चल, तुला कळतं त्यातलं.” मलाही बरोबर घेतलं, एक्सचेंजमध्ये देऊ म्हणून. मनात म्हटलं, सुटलो एकदाचा.

उल्हासनगरच्या बाजारात हरेशभाईंचं दुकान. गल्ल्यापाशी झुलेलालचा फोटो, समोर ओळीनं मांडलेले चकचकीत जातभाई. मी काउंटरच्या टोकाला वाकडं झाकण घेऊन पडून होतो.

“बोला साईं, काय काम आहे त्यावर?” हरेशभाईंनी विचारलं.

“ग्राफिक्स कार्ड पायजे भाई, एकदम सॉलिड,” सोहम म्हणाला. “माझे प्रोजेक्टपण होतील.”

“पडदा मोठा बघा,” साहेब म्हणाले. “डिस्कही मोठी. लग्नामुंजीचे सगळे व्हिडिओ मावले पाहिजेत. एकदाच घ्यायचा, पण...”

पुढचं मला पाठ होतं. हरेशभाईंनी जो काढला तो अगदी माझाच धाकटा भाऊ, तसाच रुंद, तसाच दणकट. सोहमचे डोळे चमकले. साहेबांनी खिशाला हात घातला. सगळं पुन्हा तसंच होणार होतं आणि मला ओरडताही येत नव्हतं.

“थांबा,” उमाताई म्हणाल्या. “आधी पंखा ऐकू दे मला.”

“काय ऐकू दे?”

“पंखा हो. जरा सगळे गप्प बसा.”

हरेशभाईंनी मुकाट्यानं दुकानाचा टेबलफॅन बंद केला. सोहमनं त्या रुंद भावावर गेम लावला. उमाताईंनी वाकून बटणांवर कान टेकवला, डॉक्टर छातीवर नळी टेकवतात तसा. सरळ झाल्या आणि म्हणाल्या, “हा ओरडतो. बॅटरी किती चालते?”

“भाभी, ताकतवाला मशीन है ना, तो बॅटरी जरा कम...” हरेशभाई अडखळले.

“मग मला नको.” त्यांनी कोपऱ्यातला एक लहानसा, राखाडी रंगाचा उचलला. एका हातानं. “हा दाखवा.”

“हा दिवसभर चालेल, आवाज नाही, पंखाच नाही यात. पण सच बोलतो, भाभी. इसमें रॅम बाद में नहीं बढ़ेगी. डिस्क छोटी आहे. गेम तो भूल जाओ.”

“काय आई!” सोहम म्हणाला. “यात काहीच नाहीये यार.”

“वजन नाहीये,” उमाताई म्हणाल्या.

साहेबांना पटेना. “अगं, पण पुढे कधी लागलं तर?”

मित्रांनो, उमाताईंनी तेव्हा माझ्याकडे बोट केलं. “हे बघा ना पुढचं. याच्या सीडीच्या कप्प्यात सीडी किती वेळा घातलीत? पुढे लागेल म्हणून घेतलेलं सगळं मी शिरगावच्या जिन्यावर वाहिलंय. मला मुलांना शिकवायचंय. ती बॅच गेली ना, तर मला फार लागेल हो. माझं तेवढंच आहे.”

माझा अपमान झाला म्हणता? छे! माझ्या मनातलं कोणीतरी पहिल्यांदाच बोललं. साहेबांनी त्या राखाडी पोराला एका हातानं उचलून पाहिलं. मग हरेशभाईंना म्हणाले, “हाच द्या.”

मी मात्र सुटलो नाही. हरेशभाईंनी माझं झाकण हलवून पाहिलं आणि हात जोडले. “साईं, हा घरीच ठेवा.” मग काय, माझी रवानगी सोहमच्या टेबलावर. त्याला ग्राफिक्स कार्ड हवं होतं, माझ्यात ते आहे. आता आम्ही दोघं मिळून तापतो.

पुढच्या शुक्रवारी लाइट गेली. मी मधेच मिटलो. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं आणि आतून, मोबाइलच्या नेटवरून, मुलांचे आवाज येत होते. सगळी मिळून ‘बाळ खेळतं’ म्हणत होती, बऱ्यापैकी नीट. उमाताईंचा आवाज इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. सोहमनं माझं बटण दाबून पाहिलं, वैतागला, उठला आणि दारावर टकटक केलं.

“आई, तुझा लॅपटॉप दहा मिनिटं देतेस?”

“नाही रे राजा. माझा क्लास चालू आहे.”

तो परत येऊन माझ्यासमोर बसला. मित्रांनो, मी या घरात इतकी वर्षं काढली, इतका गाजलो, इतका घासलो गेलो. पण इथे एखादी वस्तू आईची असते, आणि ती तिच्याकडे मागावी लागते, हे मी त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं. नवीन यंत्र घ्यायला निघालात की दुकानात जायच्या आधी घरातच विचारा, त्याच्यापुढे बसणार कोण आहे. आणि जी कधीच काही सांगत नाही, तिला दोनदा विचारा.