गुणवंतराव सरपंचकीवरून उतरले तेव्हा

आंबेझरीचे सरपंच गुणवंतराव यांना ठराव लिहायचा भारी नाद होता. नागभीडपासून पाच कोसांवर, जंगलाच्या कडेला असलेल्या या गावात नऊ पंचांची ग्रामपंचायत आली आणि पहिल्या दिवसापासून तिचा कारभार गुणवंतरावांच्या ओसरीत चालला. सभा अशी कधी भरतच नसे. गुणवंतराव सकाळी चहा पिऊन मोत्यासारख्या अक्षरात ठराव लिहीत, शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ असं टाकत, आणि दुपारी रजिस्टर काखेत मारून घरोघर सह्या-अंगठे घेत हिंडत. एवढ्या उन्हात गावासाठी फिरणारा माणूस पाहून लोकांना त्यांची दयाच यायची.

मंगरू मडावी हा त्या नऊ पंचांतला एक. नाल्यापलीकडे गोंडांचा पंचवीस घरांचा टोला होता, तिथला हा पंच. मंगरू आणि गुणवंतराव लहानपणी एकाच तलावात पोहायला शिकले होते, अजूनही पावसाळ्यात दोघं मिळून मासे धरत. त्यामुळे रजिस्टर आलं की मंगरू हातातलं काम सोडून अंगठा पुढे करी. त्याला वाचता येत नव्हतं, आणि काय लिहिलंय ते विचारणं म्हणजे दोस्तावर शक घेण्यासारखं वाटे.

टोल्यात विहीर नव्हती. उन्हाळा लागला की बायका नाल्याच्या रेतीत झिरे खणत आणि वाटीवाटीनं पाणी भरत बसत. सरकार विहीर देणार असं तीन वर्षांपासून ऐकू येत होतं. एकोणीसशे पंचावन्नच्या चैत्रात मंगरूची बायको सोनीबाई त्याला म्हणाली, की गुणवंतभाऊंना विचारून झालं, आता तूच जाऊन साहेबाला विचारून ये. मंगरू नागभीडला चालत गेला आणि छोट्या रेल्वेगाडीनं ब्रह्मपुरीच्या तहसिलीत पोचला.

तिथल्या कारकुनानं कागद शोधून काढला. टोल्याची विहीर कधीच मंजूर झाली होती, पण गावानंच नको म्हणून कळवलं होतं. कारकुनानं ठराव मोठ्यानं वाचला: “टोल्यातील रहिवाशांस नाल्याचे पाणी गोड लागते व मानवते. सबब तेथे विहिरीची गरज नाही. सदर विहीर गावठाणात बांधावी. सर्वानुमते मंजूर.” खाली मंगरूचं नाव आणि त्यावर शाईचा अंगठा.

अंगठा तुझाच का, असं कारकुनानं विचारलं. मंगरू कागदाकडे पाहत राहिला, मग स्वतःच्या हाताकडे. त्याचाच होता. कारकुनाला हसू आवरलं नाही. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं आणि त्यानं चहा मागवला. चहा पिता पिता त्यानं सांगितलं, की सरपंचावर भरोसा उरला नसेल तर कायद्यात सोय आहे. पंचांनी तसं लिहून द्यायचं, साहेब गावात येतो, सभा भरते. नवांतले सहा हात वर गेले की सरपंच खाली उतरतो.

मंगरूनं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. पोलीस नाही? नाही. मारामारी? नाही. मग उतरलेला माणूस जेलात जातो का? कारकून म्हणाला, घरी जातो.

परतीच्या गाडीत मंगरू हाच विचार करत होता. त्याच्या बापानं गावाचे मालक म्हणून तीन मालगुजार पाहिले होते आणि तिघंही तिरडीवरूनच गेले होते. जिवंत माणूस गादीवरून उतरतो आणि घरी जाऊन जेवतो, हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

गावात त्यानं पहिल्यांदा मुश्ताक टेलरला गाठलं. मुश्ताकही पंच होता, आणि त्याला वाचता येत होतं. त्याचा विश्वास बसेना. तो सरळ गुणवंतरावांकडे गेला आणि रजिस्टर बघायला मागितलं. गुणवंतरावांनी ते आनंदानं दिलं. आपलं अक्षर कोणीतरी निवांत पाहावं असं त्यांना फार दिवसांपासून वाटत होतं. मुश्ताक दुपारभर ओसरीत बसून वाचत राहिला. गावचा बाजार गुरुवारचा सोमवारी कोणी नेला हे त्याला वर्षभर कळलं नव्हतं. सोमवारी तो कापड आणायला नागभीडला जाई, त्यामुळे त्याचा धंदा बसला होता. बाजार हलवायला त्यानं स्वतःच सही दिली होती.

पुढचे आठ दिवस एकेक पंच बटण लावायच्या निमित्तानं मुश्ताकच्या दुकानात येत होता आणि आपण काय काय मंजूर केलंय ते ऐकून जात होता. कोणी हसलं, कोणी शिव्या दिल्या. एकानं सरपंचांची बैलगाडी तलावात ढकलावी असं सुचवलं. मंगरू म्हणाला की गाडीनं काय केलंय, कागद लिहू. कागदावर पाच नावं झाली. सहावं काही मिळेना, कारण टोल्याची ती विहीर गुणवंतरावांच्या गल्लीत बांधली गेली होती आणि उरलेल्या पंचांची घरं तिथंच होती. शेवटी पाच नावांचाच कागद तहसिलीत गेला आणि सभेचा दिवस ठरला.

त्या गल्लीतच आशाबाई राहायच्या. त्या गुणवंतरावांच्या वारलेल्या भावाच्या बायको. बाईमाणसालाही पंच होता येतं असं कळल्यावर घरचं मत घरात राहावं म्हणून गुणवंतरावांनीच त्यांना उभं केलं होतं. मुश्ताक आणि मंगरू त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी फक्त सभा कोणत्या दिवशी आहे ते विचारून घेतलं.

सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्या दिराकडे आल्या. गुणवंतराव जेवायला बसले होते, त्यांची बायको इंदुताई वाढत होत्या.

“भाऊजी, उद्या माहा हात वर जाईल. सभेत पाहून तुमाले धक्का नोको म्हून आजच सांगते,” आशाबाई म्हणाल्या.

गुणवंतरावांना वाटलं, थट्टा आहे. “काऊन? मी तुले पंच केलं ना?”

“केलं. पन तीन वर्षांत एकबी गोष्ट विचारली नाई.”

गुणवंतरावांनी इंदुताईकडे पाहिलं. इंदुताईंनी ताटात भात वाढला आणि वरण आणायला आत निघून गेल्या.

सभा शाळेत भरली. तालुक्याहून साहेब आला होता. आंबेझरीच्या पंचायतीची ही पहिली खरी सभा, त्यामुळे खिडक्यांतसुद्धा माणसं बसली होती. साहेबानं मंगरूला बोलायला सांगितलं. मंगरूनं बरंच काही ठरवून ठेवलं होतं, पण समोर गुणवंतराव बसलेले पाहून त्यातलं निम्मं विसरला.

“गुणवंतभाऊ वाईट मानूस नाई,” तो म्हणाला. “शाळेच्या छपरावरचे कवेलू त्यायनंच आनले. पन माह्याच आंगठ्यानं माह्या टोल्याची विहीर गेली. आता मले त्यायचा भरोसा वाटत नाई. एवढंच.”

गुणवंतराव उठले. टोल्यातलं पाणी गोड आहे असं आपल्याला खरंच वाटलं होतं, असं ते म्हणाले. मासे धरायला जात तेव्हा ते तेच पाणी पीत. कोणीतरी मागून सांगितलं, की ते पावसाळ्यातलं पाणी. वैशाखात आपण नाल्यापलीकडे कधी गेलोच नाही, हे त्यांना उभ्या उभ्याच आठवलं असावं.

हात वर झाले. मंगरूनं डाव्या हातानं कोपराला टेकू देऊन उजवा हात वर धरून ठेवला. आशाबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि तोच हात पुढं वर जाऊ दिला. साहेबानं मोजायच्या आत गुणवंतरावांनी मोजलं होतं.

ठराव लिहायला मुश्ताक पुढं झाला, तर गुणवंतरावांनी टाक मागून घेतला. “मीच लिवतो. तुह्यं अक्षर काही बरं नाई,” ते म्हणाले. त्यांनी सावकाश, रेघ सरळ धरून, स्वतःला उतरवल्याचा ठराव लिहिला. शेवटी सवयीनं ‘सर्वा’ एवढं उमटलं. ते खोडलं आणि लिहिलं: ‘सहा विरुद्ध तीन मतांनी मंजूर.’

त्यानंतर चार दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. गावालाही जरा अवघडल्यासारखं झालं. सरपंच म्हणावं तर ते सरपंच नव्हते, आणि दुसरं काही म्हणायची गावठाणात कोणाला सवय नव्हती. गुणवंतरावांना रात्री वाटे, आता लोक बांध फोडतील, गुरं सोडतील. कोणी काही केलं नाही. पाचव्या दिवशी इंदुताईंनी त्यांच्या हातात फाटका सदरा दिला आणि मुश्ताककडे पिटाळलं. मुश्ताकनं बसायला पाट सरकवला आणि म्हणाला, “या गुणवंतभाऊ.” टोल्यातलं तेच नाव पुढं सगळ्या गावात रूढ झालं.

नवे सरपंच बापूजी कानानं थोडे कमी होते, त्यामुळे सभा तीन-तीन तास चालत आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागे. पंच म्हणून गुणवंतराव दर सभेला येत आणि बहुतेक वेळा विरोधात बोलत. ते आपल्याला इतकं आवडेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दुसऱ्या उन्हाळ्यात टोल्यात विहीर झाली. चाळीस फुटांवर पाणी लागलं.

मधल्या काळात आमचा चांदा जिल्हाच मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, आणि सत्तावन्न साली पंचायतीची पुन्हा निवडणूक आली. गुणवंतराव उभे राहिले. एका सकाळी ते नाला ओलांडून टोल्यात आले आणि पहिल्या घरापासून मत मागत निघाले. आधी त्यांनी कधी मत मागितलं नव्हतं, लोक द्यायचेच. दोन घरांत त्यांना काय बोलावं ते सुचेना. तिसऱ्या घरी एका म्हातारीनं त्यांना मोहाच्या झाडाखाली बसवून अर्धा तास सुनावलं. ते ऐकत बसले.

मंगरूच्या अंगणात येईपर्यंत ऊन चढलं होतं. सोनीबाईनं पाणी दिलं. गुणवंतरावांनी ते एका दमात पिऊन टाकलं आणि टोपीनं वारा घेत विचारलं, “मंगरू, तू मले मत देशील का नाई?”

“ते पेटीले सांगीन,” मंगरू म्हणाला.

“दोस्तालेबी नाई सांगत?”

“नाई.”

गुणवंतराव टोपी डोक्यावर ठेवून उठले आणि शेजारचं घर कोणाचं ते विचारलं. मंगरूनं सांगितलं, आणि तिथला कुत्रा चावरा आहे म्हणून कुंपणापर्यंत सोबत गेला.