बाप्टिस्टचा उजवा हात

माझा नवरा बाप्टिस्ट हट्टी आहे, हे अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे. किती हट्टी, ते फक्त मला.

हिवाळ्यात गोठ्यात बैलाने त्याला दारावर दाबलं आणि उजवा खांदा निखळला. डॉक्टर सिग्नरबाईंनी तो बसवला, पण हात वर जाईना. "खांद्यावर टोपीसारखा बसतो ना, तो डेल्टॉइड स्नायू," त्या म्हणाल्या. "त्याचा पुढचा भाग हात पुढे नेतो, मागचा मागे, मधला बाजूने वर उचलतो. त्याची नस हाडाला वळसा घालून जाते, ती ताणली गेलीय. सुधारेल बहुतेक, पण कधी ते सांगता येत नाही." खांद्याची गोलाई पार बसून गेली होती.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी गावसभा चौकात भरते आणि वरच्या कुरणाचा राखणदार ठरतो. जो राखणदार, त्याच्याच गाई तिथे चरतात; ते कुरण गेलं की आमच्या गाईंना उन्हाळ्यात चारा नाही, म्हणजे चीजही नाही. लोक ज्याचं नाव सुचवतील त्याने शपथ संपेपर्यंत उजवा हात वर धरायचा; हात खाली आला की दुसरं नाव. बाप्टिस्टने कुणाला काही सांगितलं नाही. स्वयंपाकघरात सराव करायचा: अंग डावीकडे झुकवायचं, खांदा कानाशी न्यायचा आणि हात वर फेकायचा.

"कळतं का काही?"

"बिजागरी तुटलेल्या फाटकासारखा दिसतोस. सांगून टाक की लोकांना."

"गप्प बस, ओटिलिया. खांदा गेलेल्याला कोण देतंय कुरण?"

चौकात लोकांनी त्याचंच नाव सुचवलं. त्याने हात फेकला, तो वर गेला. गावसभेचा प्रमुख शपथ वाचायला लागला, तीही सावकाश. बाप्टिस्टच्या कपाळावर घाम आला, कोपर खाली यायला लागलं.

"बाप्टिस्ट, वाकून काय शोधतोयस रे? काही पडलं का?" मागून फ्रिडोलिन म्हणाला. त्याचा त्या कुरणावर कधीपासून डोळा. लोक हसले आणि हात खाली पडला.

प्रमुखाने कागदावरून मान वर केली. "हात, बाप्टिस्ट."

हात अंगापासून वीतभर सुटला. तेवढं काम दुसऱ्या एका छोट्या स्नायूचं. पुढे डेल्टॉइडने उचलायचं, तिथे तो अडला.

"दुसरं नाव?" प्रमुखाने विचारलं. फ्रिडोलिन कोट नीट करायला लागला.

माझं डोकंच फिरलं. मी हात वर केला. "कुरण मी राखते. गाईंचं दूध मीच काढते, चीजही मला करता येतं."

कुणीतरी हसलं. प्रमुखाने दाढी खाजवली. "बाईने राखू नये असं कुठे लिहिलेलं नाही. ओटिलियाच्या बाजूने कोण? हात वर करा, डावा-उजवा कुठलाही चालेल."

चौकभर हात वर झाले. कुरण आमच्याकडेच राहिलं. मला रडूच यायला लागलं, म्हणून मी बाप्टिस्टकडे वळले.

त्याचा उजवा उठत नव्हता, हे मला ठाऊक होतं. डावा त्याने खिशातून काढलाच नाही.