पंधरावं उड्डाण

"काका, पंख उचला!"

मास्तरांनी ग्लायडरच्या मागच्या सीटवरून हाक दिली. काकांनी वाकून डाव्या पंखाचं टोक उचललं आणि कमरेच्या उंचीला आणून सपाट धरलं. पुढच्या सीटवर एक तरुण पट्ट्यांनी जखडून बसला होता. बायकोने त्याला वाढदिवसाची भेट म्हणून ही सफर दिली होती, आणि ती स्वतः बाजूला उभी राहून मोबाइलवर सगळं टिपत होती. काचेचं झाकण लावायच्या आधी त्याने सहज विचारलं, "काका, तुम्ही कधी बसलात का यात?"

"बसलोय एकदोनदा," काका म्हणाले.

मागच्या सीटवर मास्तर उगीचच खोकले.

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, चांगल्या किलोमीटरभर अंतरावर, विंच उभी होती. विंच म्हणजे जुन्या ट्रकचं इंजिन आणि त्याला जोडलेला भलामोठा रूळ. त्या रुळावरची पोलादी तार ग्लायडरच्या पोटाखालच्या आकड्यात अडकवलेली होती. काकांनी मोकळा हात हलवून खूण केली. तार गवतातून सळसळत ताणली गेली, ग्लायडरला हिसका बसला आणि काका पंख धरून धावत सुटले. दहाबारा पावलांत पंख हातातून निसटला. विमान तिरपं होऊन वर चढलं, उंचावर तार सुटली, खटका ऐकू आला आणि मग सगळं शांत झालं.

काका गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभे राहिले. अठ्ठावन्न वय म्हणजे धावायचं वय नव्हे.

एकदोनदा म्हणजे सहाशे अकरा वेळा. त्यातली पाचशेच्या वर उड्डाणं एकट्याने केलेली. शेवटचं एकोणीस वर्षांपूर्वी.

काका पाणीपुरवठा खात्यात मीटर वाचायचे. घरोघरी जायचं, लोखंडी झाकण उचलायचं, उकिडवं बसून खड्ड्यात डोकं घालायचं, काचेवरचा चिखल बोटाने पुसायचा आणि आकडा लिहून घ्यायचा. चौतीस वर्षं हेच काम. ऑफिसात त्यांना सगळे वैमानिक म्हणत. "काय वैमानिक, आज किती उंचीवरून मीटर वाचलं?" हा विनोद पहिल्यांदा कोणी केला ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण नवीन लागलेला माणूसही आठवडाभरात तो शिकायचा. काका दर वेळी हसायचे. न हसलं तर लोक अजून बोलतात, हे त्यांना माहीत होतं.

चोविसाव्या वर्षी एका सहकाऱ्याबरोबर ते या ग्लायडिंग क्लबवर गेले, आणि गेले ते तिथलेच झाले. तेव्हा एका उड्डाणाला सिनेमाच्या एका तिकिटाएवढे पैसे पडत. सभासदांत शाळामास्तर होते, एक शिंपी होता, तारखात्यातला एक कारकून होता. रविवारी सकाळी सगळे आपापल्या डब्यासकट हजर. हे मास्तरसुद्धा खरोखरचे शाळेत गणित शिकवणारे मास्तर. पुढे ते उड्डाण शिकवू लागले आणि नाव तेच राहिलं. काकांनी पहिल्या पगारवाढीत हप्त्याने मोटरसायकल घेतली, कारण मैदान घरापासून बावीस किलोमीटर होतं. पंपावर जाऊन ते ऐटीत म्हणत, "टाकी फुल." काही वर्षांनी "पाच लिटर" म्हणू लागले. मग लिटर सांगणंच बंद झालं. नोट पुढे करून "एवढ्याचं टाका" म्हणायचं आणि काटा कुठे थांबतो ते बघायचं नाही.

इंधन महागलं तसं उड्डाणही महागलं, कारण विंचही डिझेलच पिते. सिनेमाच्या तिकिटाचं जेवणाचं ताट झालं, ताटाचा शर्ट झाला. शिंपी यायचा थांबला. मग तारखात्यातला. काका रविवारची चार उड्डाणं दोनवर आणून, पुढे एकावर आणून तग धरून राहिले. मुलगी दुसरीत गेली त्या वर्षी दर पुन्हा वाढला आणि एका उड्डाणाच्या पैशात शाळेचे बूट येऊ लागले. शाळा उघडायच्या आठवड्यात त्यांनी बूट घेतले. उडणं सोडायचं असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. पुढच्या रविवारी बघू, एवढंच म्हटलं होतं.

मैदानावर जाणं मात्र सुटलं नाही. पंख धरायला, तार जोडायला, काच पुसायला माणूस लागतोच. काकूंना ते समजायचं नाही.

"उडत नाही तर जाता कशाला?" त्या विचारायच्या. "पेट्रोल काय नळाला येतं?"

"मास्तरांना मदत होते."

"मला सिनेमाचं केवढं वेड होतं. तिकीट परवडेना तसं सोडलं. काही मेले नाही मी."

काकू खरंच मेल्या नव्हत्या. पण एकेकाळी त्या शुक्रवारी संध्याकाळी साडी बदलून दारात उभ्या राहायच्या आणि "उशीर करू नका हं, सुरुवात चुकली की मला रडू येतं" म्हणायच्या, त्या काकू कधी आणि कुठे गेल्या, हेही काकांना सांगता आलं नसतं.

निवृत्तीला तीन वर्षं उरली तेव्हा काकांनी मनाशी एक ठरवलं. मोटरसायकल फक्त मीटरच्या फेरीला आणि रविवारी मैदानावर काढायची, एरवी ऑफिसला चालत जायचं. वाचलेलं पेट्रोल म्हणजे वाचलेले पैसे. एवढा मोठा खंड पडलेल्या माणसाला परवाना परत हवा असेल, तर डॉक्टरचं प्रमाणपत्र आणि मास्तरांबरोबर पंधरा उड्डाणं लागतात. ती झाली की पुन्हा एकट्याने उडता येतं. पंधरा उड्डाणांचे पैसे जमायला तीन वर्षं लागली.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ, भाषण यातलं काही झालं नाही. साहेब रजेवर होते, त्यामुळे निवृत्तीच्या पैशांची फाइलही सहीवाचून पडून होती. शिपायाने चहा आणला आणि नेहमीचा विनोद शेवटचा एकदा झाला. दुसऱ्याच दिवशी काका डॉक्टरकडे गेले.

"नाडी चांगली आहे," डॉक्टर म्हणाला. "व्यायाम करता का?"

"चालतो."

प्रमाणपत्र खिशात घालून ते क्लबवर गेले, तर सेक्रेटरी फळ्यावर नवीन दर लिहीत होता. डिझेल आणि विमा, दोन्ही वाढलं होतं. पंधरा उड्डाणांच्या पैशात आता दहाच बसत होती.

"काका, तुम्हाला जुन्या दराने दिलं असतं," सेक्रेटरी खडू झटकत म्हणाला, "पण आता क्लब या वाढदिवसवाल्यांवरच चाललाय. माझ्याच खिशातून गेले दोन महिने विंचवाल्याचा पगार जातोय."

तो खोटं बोलत नव्हता. तेच वाईट होतं.

त्या दुपारी जेवताना काका भात नुसता चिवडत होते. काकूंनी दोनदा वाढायला विचारलं, तिसऱ्यांदा पळी भांड्यात ठेवून म्हणाल्या, "किती कमी पडतात?"

"पाच उड्डाणांचे."

"मग गाडी द्या."

काकूंचे गुडघे गेली दोन वर्षं साथ देत नव्हते. दर पंधरवड्याला त्यांना दवाखान्यात शेक घ्यायला न्यावं लागायचं, ते याच मोटरसायकलवर. बसच्या पायऱ्या त्यांना चढवत नसत.

"आणि दवाखाना?"

"मला कुठे रोज जायचंय? महिन्यातून दोनदा बसला लटकेन." त्या ताटाकडे बघत होत्या. "एकोणीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांचे पंख धरताय. मला ते बघवत नाही. एकदा काय ते करून टाका आणि मोकळे व्हा."

गाडी एका दूधवाल्याने घेतली. त्याने भोवती फिरून बघितलं, टायर दाबला, किक मारून कान लावला.

"जुनी आहे हो फार."

"इंजिन बघा. आवाज ऐका."

"आवाज चांगला आहे. पण मला आवाजाचं काय करायचंय? दोन्ही बाजूंना कॅन लटकले की झालं."

त्याने सांगितलेल्या किमतीत बरोबर पाच उड्डाणं बसत होती. काकांनी घासाघीस केली नाही. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत काकू दारात उभ्या होत्या. काका आधीच आत गेले होते.

पुढचे सात रविवार काका बसने मैदानावर गेले. बस फाट्यावर सोडायची, तिथून तीन किलोमीटर चालायचं. दर रविवारी दोन उड्डाणं. पहिल्या वेळी विमानाचं नाक वरखाली होऊ लागलं आणि मास्तरांनी मागून दांडा धरला. तिसऱ्यापासून मास्तरांनी हात काढून घेतला. सातव्यापासून ते मागे बसून नुसते घरच्या गोष्टी सांगू लागले. गुरूने यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक द्यायचं नसतं.

चौदावं उड्डाण सगळ्यात लांबलं. तार सुटली तेव्हा खाली नांगरलेल्या रानावर दोन घारी गोल फिरत होत्या. काकांनी नाक तिकडे वळवलं. घारींच्या खाली पोचताच बुडाखालून कोणीतरी हळूच उचलावं तसं विमान उचललं गेलं. गरम हवेचा झोत सापडला होता. काकांनी एक पंख कलता ठेवून त्याच झोतात गिरक्या घेतल्या, एक, दोन, सात, आणि उंचीचा काटा वरवर जात राहिला. खाली शहर होतं. चौतीस वर्षं ज्यांची झाकणं उचलली ती सगळी घरं तळहाताएवढ्या जागेत मावत होती. इंजिन नाही, आवाज नाही, नुसती काचेवरून सरकणारी हवा.

"मास्तर, उतरू या का? पैसे फक्त दहा मिनिटांचे आहेत."

"मागच्या सीटवर घड्याळ नाहीये," मास्तर म्हणाले.

ते पंचेचाळीस मिनिटं वर होते. उतरल्यावर मास्तरांनी नोंदवहीत सही केली आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी एक. मग मी खाली उभा राहणार."

त्या आठवड्यात काकू बसच्या पायरीवर घसरल्या. फार लागलं नाही, नडगी सोलवटली. घरी आल्यावर त्यांनी ते काकांना सांगितलं नाही. काकांनी पायावरची पट्टी बघितली आणि विचारायचं धाडस केलं नाही.

रविवारी काका फाट्यावरून चालत आले तेव्हा मैदानात तार टाकलेली नव्हती. विंचवर ताडपत्री होती. मास्तर हँगरच्या, म्हणजे ग्लायडर ठेवायच्या शेडच्या, पायरीवर एकटेच बसले होते.

"वारं उलटं आहे का?" काकांनी विचारलं.

"बसा."

काका उभेच राहिले.

"विम्याची मुदत गुरुवारी संपली. नवीन हप्ता क्लबच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त आहे. सेक्रेटरीने नाद सोडला. ग्लायडर एका हॉटेलवाल्याने घेतलंय. जेवणाच्या हॉलमध्ये छताला टांगणार म्हणे." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला फोन करणार होतो, काका. तीनदा नंबर लावला आणि कट केला."

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. राहिलेल्या एका उड्डाणाचे भरलेले पैसे होते. सेक्रेटरीने परत दिले होते, मोजून, एक नोटही कमी नाही.

काकांनी पाकीट घेतलं. या पैशात दूधवाल्याकडून गाडीचा आरसासुद्धा परत आला नसता.

मास्तर आत जाऊन नोंदवही घेऊन आले. पेन उघडून त्यांनी पंधराव्या ओळीवर धरलं.

"लिहून टाकतो. आजची तारीख, दहा मिनिटं. कोण बघायला येतंय? परवाना तरी हातात पडेल तुमच्या."

"नको, मास्तर."

"अहो, तुम्ही शंभर वेळा पास आहात. मी सांगतो ना."

"ते खरं. पण आज वर गेलो कुठे?"

मास्तरांनी पेनाचं टोपण लावलं. मग मास्तर म्हणाले, "माझ्याकडेही आता रविवारी काही नाही," आणि उठले.

हँगरचा लोखंडी दरवाजा रुळावरून सरकायचा आणि त्याला दोन माणसं लागायची. दोघांनी खांदा लावून तो ओढला. अंधारात पंखाचं टोक तेवढं क्षणभर चमकलं. मास्तरांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि स्कूटर सुरू करून म्हणाले, "फाट्यापर्यंत सोडतो."

"नको. तुमचं पेट्रोल जाईल उगाच. मी चालतो."

दुपारची बस रिकामीच होती. काका खिडकीशी बसले. कंडक्टरने तिकीट दिलं, सुट्ट्यांसाठी कुरकुर केली आणि पुढे जाऊन झोपला. मैदानातल्या वाळक्या गवताची कुसळं पॅन्टच्या दोन्ही पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टोचून बसली होती. काका वाकून एकेक कुसळ नखाने उपटू लागले. शहर येईपर्यंत मूठ भरली. खिडकीची काच घट्ट बसली होती, उघडेना, आणि बसमध्ये टाकावं असं त्यांना वाटेना. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि ती मूठ शर्टाच्या खिशात रिकामी केली.