बिनकागदाचा अपमान

मी परराष्ट्र खात्याच्या परतफेड विभागात मसुदे लिहिते. परतफेड म्हणजे पैशांची नव्हे. पलीकडच्या देशाने आपल्या माणसांवर व्हिसाची एखादी अट घातली, की आपण तीच त्यांच्या माणसांवर घालायची आणि वर एक जास्तीची चिकटवायची, एवढंच आमचं काम. ती जास्तीची अट मला सुचते. बावीस वर्षांच्या नोकरीत साहेबांना माझ्यात दुसरा कुठला गुण सापडला नाही.

भांडण कशावरून सुरू झालं ते आता कुणालाच धड सांगता येत नाही. त्यांच्या कुणा मंत्र्याच्या सासूबाईंना आमच्या व्हिसाच्या खिडकीवर फोटोसाठी चष्मा काढायला लावला होता, असं म्हणतात. त्या रागाने त्यांनी फोटोत दोन्ही कान दिसलेच पाहिजेत असा नियम काढला. आम्ही दोन्ही कान आणि दोन्ही तळहात मागितले. पुढची दोन-तीन वर्षं असंच चाललं. मग त्यांनी चांगल्या वागणुकीबद्दल शेजाऱ्याचा दाखला मागितला, आणि त्यावर मी जे लिहिलं ते मात्र खरंच सुरेख होतं: दोन शेजाऱ्यांचे दाखले, पैकी एक शेजारी अर्जदाराशी किमान पाच वर्षं भांडलेला असावा.

साहेबांनी वाचून टेबलावर हात आपटला. "बाई, त्यांच्या तोंडचं पाणी पळवलंत तुम्ही!"

आठवड्याभरात तोच नियम त्यांनी आमच्या लोकांवर लावला, आणि मी डोक्याला हात लावून बसले. कारण माझी ताई पलीकडे राहते.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्न होऊन गेली तेव्हा सीमेवरच्या पुलावर एक चौकी होती आणि तिथला शिपाई नुसतं नाव विचारायचा. तीन वर्षांपूर्वी भाऊजी गेले तेव्हा मी पोचू शकले नाही. तळहातांची अट तेव्हा नवीकोरी होती आणि फोटोवाल्यांना तो फोटो जमत नव्हता. ती अट माझीच, हे मी ताईला कधीच सांगितलं नाही. आता तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. महिनाअखेरची तारीख मिळाली होती. मूलबाळ नाही. फोनवर म्हणाली, "बबे, दाराबाहेर आपलं माणूस बसलेलं नसेल तर मी आत जायची नाही. डॉक्टरांना तसं सांगून टाकलंय." ताईने सांगून टाकलं म्हणजे विषय संपला.

मी अर्ज केला. खालच्या मजल्यावरच्या बाईशी माझं कुंड्यांच्या पाण्यावरून बारा वर्षांचं भांडण आहे, त्यामुळे त्या दाखल्याची मला काळजी नव्हती. कागद पुढे केला तर ती म्हणाली, "भांडण? छे हो! माझ्या मनात तुमच्याबद्दल काहीसुद्धा नाही."

एवढी चीड मला तिची बारा वर्षांत आली नव्हती. मी तिथेच दारात तिच्याशी कडाकडा भांडले, पण ते भांडण ताजं पडलं, पाच वर्षांचं धरता येईना. शेवटी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी गाडी लावण्याच्या जुन्या वादावर सही दिली. देवमाणूस आहेत.

तोवर पलीकडून वाढीव अट येऊन धडकली: 'आपण आमच्या देशात का येऊ नये' यावर एक पानभर निबंध. लिहिणं हा तर माझा धंदा. मी जीव ओतून लिहिलं. आठवड्याने अर्ज परत आला. वर लाल शाईत शेरा होता: कारणे पटली.

ऑपरेशनला दहा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. "बाई, निबंधाला उत्तर हवंय. असं काहीतरी मागा, की नाकाला मिरच्या झोंबल्या पाहिजेत."

रडू यायच्या जागी मला राग येतो, स्वभावच आहे. मी म्हटलं, "मागून मागून आपणच त्यांना मोठं करून ठेवलंय, साहेब. काहीच मागू नका. ना फोटो, ना दाखला, ना अर्ज. तुमची माणसं तपासायच्याही लायकीची नाहीत, असं कळवा."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "भयंकर आहे हो हे." त्यांचे डोळे भरून आले होते.

पलीकडे नुसता थयथयाट झाला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: तुमच्या माणसांकडे तर आम्ही ढुंकूनही बघणार नाही. चौकीतल्या खुर्च्या त्यांनी भिंतीकडे तोंड करून मांडल्या. आम्ही चिडून त्यांच्या प्रवाशांसाठी मंडप घातला. त्यांनी गार पाण्याचे पिंप ठेवले. आम्ही मग बाकं टाकली, पाठ टेकायची सोय असलेली.

मी रजा टाकून पूल ओलांडला. सवयीने पासपोर्ट पुढे केला, तर पाठमोरा अधिकारी ओरडला, "दाखवू नका! वरून आदेश आहे." मग तो उठला, माझ्याकडे न बघता माझी बॅग उचलली आणि टॅक्सीपर्यंत नेऊन ठेवली. "पुन्हा या," तो दातओठ खात म्हणाला.

ताई हॉस्पिटलच्या खाटेवर दाराकडे तोंड करून बसली होती. निम्मी झाली होती वाळून. मला बघून आधी ओरडली, की एवढी बारीक का झालीस. मग दोघीही रडलो. पुढचे तीन दिवस मी तिच्याजवळच होते. तिची वेणी घालायचे, आणि ती मला रोज सांगायची की तुला अजून धड वेणी घालता येत नाही.

ऑपरेशन दुपारी दोनला होतं. त्या दिवशी अकराला साहेबांचा फोन आला.

"बाई, आनंदाची बातमी! काल दोन्हीकडचे परराष्ट्रमंत्री पुलावर समोरासमोर आले. अडवायला कुणी नव्हतंच ना! शिव्या द्यायला म्हणून गेले आणि मंडपात बसून गार पाणी प्यायले. मैत्री झाली! आज सकाळी करारावर सह्यासुद्धा झाल्या."

"बरं. मग?"

"मग मैत्री म्हटली की सगळं रीतसर आलं. शत्रूला कसंही वागवा, मित्राला असं बिनकागदाचं फिरू देऊन कसं चालेल? आज बारापासून व्हिसा पुन्हा सुरू. बिनव्हिसाच्यांनी बाराच्या आत आपापल्या बाजूला यायचंय. निघा लगेच, नवा अर्ज अकरा पानांचा करायचाय."

"साहेब, ताईचं ऑपरेशन दोनला आहे."

"अहो, मग तिथून आल्यावर अर्ज करा की. नव्वद दिवसांत विचार होणार. आपुलकीने होणार."

"आणि नाही आले तर?"

साहेब घुटमळले. "तर बेकायदा राहिलात असं होईल. नोकरी जाईल. एकदा बाहेर काढलं की जन्मात पुन्हा त्यांच्या देशात पाऊल ठेवता येणार नाही. कलम चौथं." मग जरा ओशाळून म्हणाले, "तुमच्याच जुन्या मसुद्यातून घेतलंय."

मी फोन ठेवला. पूल टॅक्सीने अर्ध्या तासावर होता. मी ताईचं पांघरूण सारखं केलं आणि तिच्या पायांना तेल लावत बसले. बारा वाजलेले मला भिंतीवरच्या घड्याळात दिसले.

पावणेदोनला तिला स्ट्रेचरवर घेतलं. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मघाशी कुणाचा गं फोन होता?"

"ऑफिसचा."

"काय म्हणतात?"

"दोन्ही देशांची मैत्री झाली म्हणे."

"खरंच?" तिचा चेहरा केवढा खुलला! "मग मिटली बाई काळजी. आता तू दर महिन्याला येत जा."

"येईन," मी म्हटलं. "दर महिन्याला."

ती हसतच आत गेली. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले.